सोमवारच्या गोळ्या

समृद्धी आख्ख्या पनवेलचं पोटॅशियम मोजायची. पनवेलकरांना ते मोजून घ्यायची हौस होती अशातला भाग नाही, पण डॉक्टर लिहून द्यायचे आणि माणसं बाह्या वर करून कृष्णकांत सरांच्या लॅबमध्ये येऊन बसायची. रक्त काढायचं, नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची, वरचं पिवळं पाणी दुसऱ्या मशीनला पाजायचं, की कागदावर आकडा यायचा. साडेतीन ते पाच. या दोहोंच्या मधे जो असेल तो सुखी. वर गेला की सरांना हाक मारायची, खाली गेला तरी हाक मारायची. उरलेल्या वेळात काउंटरवर बसायचं, लोकांच्या हातात लघवीची डबी ठेवायची आणि सांगायचं, "समोर, डावीकडे. कडी नीट लागते." हे वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणायची. झोपेतही म्हणत असेल.

लॅबपासून दहा मिनिटांवर मच्छीबाजार. तिथे तिची आई गंगाबाई तीस वर्षं एकाच जागी पाट टाकून बसत होती. समृद्धी नववीत असताना तिचे वडील काशिराम खाडीत होडी उलटून गेले. तेव्हापासून याच पाटावर बसून गंगाबाईने घर चालवलं, लेकीला शिकवलं आणि लॅबच्या कोर्सला घातलं. त्याचा तिला कोण अभिमान! सुरमई कापता कापता गिऱ्हाइकाला सांगायची, "माजी पोर रगत बघून सांगते कुनाला काय झालंय तं. डाक्टर तिला इचारून औषद देतात." हे ऐकून समृद्धीला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण आतून तिलाही बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोला.

२०११ च्या जानेवारीत गंगाबाईचे पाय सुजले. आधी घोटे, मग पोटऱ्या. दोन पायऱ्या चढली की धाप. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता ना, त्याने हृदयाची झडप तेव्हाच खराब केलीय. आता पाणी साठतंय. ते बाहेर काढायला रोज सकाळी एक पाण्याची गोळी. गोळी घेतली की तीन-चार तास सारखी लघवी होणार. त्या लघवीतून पोटॅशियमही वाहून जाणार, म्हणून संध्याकाळी झाकणभर सिरप.

समृद्धीने सगळं स्वतःच्या हातात घेतलं. त्या रात्री जेवताना तिने आईला पोटॅशियम समजावून सांगितलं. लोकांच्या आयांना कोण समजावतं? हिच्या आईला समजावणारी घरातच होती.

"हे बघ आये," ती म्हणाली, "अंगातलं पोटॅशियम जवलजवल सगलं मांसात असतं. शंभर भागांतले अठ्ठ्यान्नव आत, आनि रगतात दोनच भाग. पन हृदय चालतं ते त्या दोन भागांवर. तिथं जरा कमी पडलं की आधी पाय ढिले पडतात, मग पोटऱ्यांत गोले येतात, आनि लई कमी झालं तं हृदयाचा ठोका चुकतो."

गंगाबाईने मान हलवली. "म्हंजे घरात भरपूर, पन बाजारात दोनच टोपल्या. आनि बाजार चालनार त्या दोन टोपल्यांवर."

"बरोबर!"

"मंग एकदाच बाटलीभर सिरप पिऊन टाकते. म्हयनाभर बघायला नको."

"तसं नाय चालत. जास्तीचं झालं की किडनी दुसऱ्या दिवशी बाहेर फेकते. साठवून ठेवत नाय. रोजचं रोज घ्यावं लागतं."

"असं सांग ना," गंगाबाई हसली. "कालचं म्हावरं आज चालत नाय."

समृद्धी खूश झाली. कॉलेजातल्या मास्तरांना दोन तासांत जे जमलं नव्हतं ते आईने एका वाक्यात सांगितलं होतं.

समृद्धीची शिस्त लॅबची. दर आठवड्याला ती गोळ्यांच्या पत्त्यातली सात घरं कात्रीने कापून स्टीलच्या डबीत ठेवायची. सिरप रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने पाजायची, कारण ते खारट-कडू पाणी पाहिलं की गंगाबाई तोंड फिरवायची. गोळी मात्र सकाळची. समृद्धी साडेसहालाच लॅबला निघायची, रक्त द्यायला उपाशी माणसं सातलाच येऊन बसत. त्यामुळे गोळी आईच्या भरवशावर. आणि आठवड्याची मोजणी सोमवारी संध्याकाळी.

सोमवारीच का, तर त्या दिवशी गंगाबाई घरी असायची. सोमवार शंकराचा. निम्मं पनवेल त्या दिवशी मासे खात नाही, आणि उरलेलं निम्मं शेजाऱ्यांच्या लाजेकाजेस्तव खात नाही. बाकीचे सहा दिवस ती सकाळी सातला टोपली घेऊन निघायची ती दुपारी तीनला परत. सोमवारी घर सारवायचं, गोधड्या धुवायच्या, केसांवरून पाणी घ्यायचं.

पहिल्याच महिन्यात एका सोमवारी डबीत चार गोळ्या शिल्लक निघाल्या. समृद्धीचा पारा चढला. "कशाला घेत नायस? इसरतेस कशी? मरायचंय का तुला? बाबा गेला, आता तूपन जा, म्हंजे मी मोकली!" बोलता बोलता तिला रडू फुटलं. त्या रात्री ती जेवली नाही. गंगाबाई ताट घेऊन तिच्यापुढे बसून राहिली. भात गार झाला.

"आता नाय राहनार शिल्लक," गंगाबाई म्हणाली. "एकपन नाय राहनार. बघ तू."

आणि खरंच, त्यानंतर एकही राहिली नाही. दर सोमवारी समृद्धी डबी उघडायची, सातही घरं फुटलेली असायची. मग ती खाली बसून आईच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायची. खड्डा पडायचा नाही. पाय सडसडीत. "बघ, औषद लागू पडलं की नाय?" ती म्हणायची, आणि गंगाबाई लेकीच्या तोंडाकडे बघून हसायची. तो सोमवारचा घटकाभर दोघींचा सणासारखा जायचा. कधी समृद्धी येताना जिलेबी आणायची.

रविवारी पाय सुजलेले दिसायचे, पण रविवारी बाजाराला कोण गर्दी! सात-आठ तास पाय मुडपून बसल्यावर सुजणारच. सोमवारी रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, गंगाबाई अंथरुणात उठून बसायची आणि समृद्धी तेल चोळत राहायची. पण सोमवारी हिने चार गोधड्या आपटलेल्या असायच्या. मंगळवारी कोयता हातातून सटकायचा, ती म्हणायची म्हातारी झाले. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असंच. परक्यांच्या गोळे आलेल्या पोटऱ्या पाहिल्या असत्या तर समृद्धीने विचारलं असतं, पोटॅशियम केलंय का?

तशी तिने एकदा आईची तपासणीही केली. रविवारी लॅबला अर्धा दिवस, येताना सुई-नळी घेऊन आली आणि दुपारी घरीच रक्त काढलं. आकडा आला चार. उत्तम. कृष्णकांत सरसुद्धा म्हणाले, छान सांभाळलंस आईला.

मग श्रावण आला आणि गंगाबाई बहरली. श्रावणात बाजार ओस, ती महिनाभर घरीच होती. पोटऱ्यांतले गोळे गेले. पाय रविवारीसुद्धा सुजले नाहीत. कर्नाळ्याला देवीच्या दर्शनाला जाऊया म्हणाली, आणि पायथ्याच्या देवळापर्यंत चालत गेलीसुद्धा. समृद्धीला वाटलं, झडप सुधारली. झडप कुठे सुधारते? पण माणसाला वाटून घ्यायला काय जातं.

गौरी-गणपती झाले. महिनाभर दाबून धरलेली माणसं बाजारावर तुटून पडली. गंगाबाई पुन्हा सहा दिवस पाटावर बसू लागली. दुसऱ्या आठवड्याच्या रविवारी घरी आली तेव्हा तिचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. "उद्या आराम कर," समृद्धी म्हणाली. "उद्या बरी व्हईन," गंगाबाई म्हणाली. "सोमवारी मी बरीच असतंय."

सोमवारी अकराच्या सुमारास लॅबचा फोन वाजला. शेजारचा जगन रिक्षावाला होता. आई न्हाणीच्या दाराशी पडलीय, पाय उचलत नाहीत, मी घेऊन येतोय.

लॅबच्या समोरच्याच गल्लीत दहा खाटांचं एक रुग्णालय होतं. रिक्षा तिथे लागली तेव्हा समृद्धी दारात उभी होती. गंगाबाईचे पाय ओल्या कापडासारखे लोंबत होते. शुद्ध होती. "काय नाय गो," ती म्हणाली, "हातापायातलं बल गेलं. बस तू. कामाला खाडा नको करू."

तरुण डॉक्टर होता, चटपटीत. त्याने हृदयाचा कागद काढला, डोळे बारीक करून पाहिला आणि विचारलं, "पाण्याची गोळी किती घेतात?"

"रोज एक," समृद्धी म्हणाली.

"नक्की? जास्त नाही ना झाली?"

"नाही सर. मी स्वतः मोजते. दर सोमवारी. सिरपसुद्धा मी माझ्या हाताने देते." आणि जरा ताठ्यानेच म्हणाली, "मी लॅबमध्येच आहे."

डॉक्टरने पुन्हा कागद पाहिला. "पोटॅशियम खाली गेल्यासारखं वाटतंय. पण एक गोळी आणि वर सिरप, म्हणजे इतकं जायला नको. शिरेतून पोटॅशियम अंदाजाने देता येत नाही, ते जास्त झालं तर हृदय तिथेच थांबतं. आधी आकडा येऊ दे."

त्यांच्याकडे मशीन नव्हतं. त्यांच्या नळ्या रोज समृद्धीकडेच यायच्या. "द्या, मीच जाते," ती म्हणाली. आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आये, आलेच. पंधरा मिनटं." गंगाबाईने मान हलवली.

नळी मुठीत धरून ती गल्ली ओलांडून धावली. नळी फिरवली. वरचं पाणी काढलं, मशीनला पाजलं. कागद आला.

एक पूर्णांक नऊ.

समृद्धी त्या आकड्याकडे बघत राहिली. हे शक्य नव्हतं. रोज एक गोळी, रोज एक झाकण. मशीनचंच काहीतरी चुकलं. तिने मशीन धुऊन घेतलं, पुन्हा पाजलं. लॅबचा नियमच आहे, आकडा पटला नाही तर दुसऱ्यांदा करायचा. दुसऱ्या वेळेला सहा मिनिटं गेली.

एक पूर्णांक नऊ.

तिने फोन लावला आणि फोन कानाला धरूनच धावत सुटली. गल्लीच्या मध्यावर असताना पलीकडून कुणी उचलला, पण बोललं नाही. आत गेली तेव्हा तो चटपटीत डॉक्टर गंगाबाईच्या छातीवर दोन्ही हात टेकवून दाबत होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. पोटॅशियमची बाटली शेजारी टांगून तयार ठेवली होती. ती कुणाला लागली नाही.

दिवस झाले. माणसं आली, रडली, गेली. समृद्धीला रडूही नीट येईना. तिच्या डोक्यात एकच भुंगा. एक पूर्णांक नऊ कसं आलं? डबी तिने चौथ्या दिवशी उघडली होती. सात घरं, सातही फुटलेली. मंगळवार ते सोमवार, सात दिवस, सात गोळ्या. चूक कुठेच नव्हती. मग आई गेली कशी?

तेराव्यानंतरच्या रविवारी ती बाजारात गेली. आईचा पाट आणि कोयता आणायचा होता. शेजारच्या जागेवर कमळाबाई बसायची, आईची पंचवीस वर्षांची जोडीदारीण. आई गेली त्या दिवशी ती लेकीच्या बाळंतपणाला जासईला गेली होती, मातीलाही पोचली नव्हती. समृद्धीला बघून तिने कोळंबीचा वाटा तसाच टाकला आणि तिला छातीशी धरलं. दोघी मासळीच्या त्या चिखलात उभ्या राहून रडल्या.

मग समृद्धीने तिला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. "मावशी, रोज एक गोली घेत व्हती. मी मोजत व्हते. तरी असं कसं झालं?"

कमळाबाईचा हात तिच्या पाठीवरून फिरता फिरता थांबला.

"रोज?" ती म्हणाली. "रोज कुठं घ्यायची ती?"

"म्हंजे?"

"बाय माजे, तुला ठावं नाय?" कमळाबाईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती गोली घेतली की घडीघडीला जावं लागतं. हितं बसून कुठं जानार? बायकांना हितं सोय हाय का? एस्टीस्टॅंडवर जायाचं तं अर्धा तास जातो. मागं मांजरं, वर घारी, आनि गिऱ्हाईक दुसरीकडं. पयल्या दिवसांत घेतली तिनं, तवा एकदा पाटावरच..." ती थांबली. "लुगडं भिजलं तिचं. मानसं उभी व्हती म्हावरं घ्यायला. पानी वतलं मी तिच्या अंगावर टोपलीतलं, म्हनलं बर्फाचं पानी सांडलं. त्या दिसापासून बाजाराला येताना गोली नाय घेतली तिनं. सोमवारी घरी असायची, तवा सगल्या घ्यायची."

"सगल्या?"

"सातच्या सात. म्हनायची, हप्त्याच्या सात, तं हप्त्याच्या सात झाल्या. पोर सांजची येऊन मोजते. एक जरी राहिली तं रडते, जेवत नाय." कमळाबाईने पदराने डोळे पुसले. "मी म्हनलं, सांग की पोरीला. तं मलाच शपथ घातली. म्हनली, कसं सांगू, ती येवढी शिकलेली, तिची आय बाजारात मुतली म्हनून? म्हनली, सोमवारी डबी बघितली की पोरीला बरं वाटतं. तिला बरं वाटू दे."

समृद्धीला आता सगळंच दिसायला लागलं होतं आणि डोळे मिटून घेतले तरी दिसत होतं. सोमवारचे सडसडीत पाय, ज्यावर ती जिलेबी आणायची. सोमवारी रात्रीचे गोळे. रविवारी काढलेलं रक्त, सहा दिवस गोळी नसलेलं, म्हणून चार. बहरलेला श्रावण, ज्या महिन्यात आईने खरंच रोज एक घेतली होती. सात दिवसांचं पाणी चार तासांत काढलं, आणि सहा दिवसांच्या सिरपमधला एक थेंबही अंगाने सातव्या दिवसासाठी ठेवला नव्हता. हे आईला कळत नव्हतं असं थोडंच होतं? तिनेच सांगितलं होतं, कालचं म्हावरं आज चालत नाही. गोळ्यांनाही तेच लागू होतं, एवढं एकच समृद्धी सांगायची राहिली होती. आणि डॉक्टरने अगदी नेमकं विचारलं होतं, जास्त नाही ना झाली? ती म्हणाली होती, मी मोजते.

"मावशी," ती म्हणाली, "मी बसू जरा हितं?"

"बस की. तुज्या आयची जागा."

तिने पाट टाकला आणि ती बसली. कमळाबाईने पुढ्यात थोडे बोंबील ठेवले, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून. ओळखीची गिऱ्हाइकं आली, चुकचुकली, दोघीतिघींनी बोंबील घेतले. घासाघीसही केली. आठ वाजले, नऊ वाजले. पायाला मुंग्या आल्या. सकाळी दोन कप चहा आणि तांब्याभर पाणी पिऊन निघाली होती. साडेनऊला तिला लघवीची जाणीव झाली, दहाला कळ यायला लागली. तिने एक पाय बदलला, मग दुसरा. डावीकडे भिंत, उजवीकडे कमळाबाई, समोर माणसांचे पाय.

"मावशी, लघवीला कुठं जायाचं?"

कमळाबाईने मांदेली निवडता निवडता मान वर केली नाही. "दाबून धर," ती म्हणाली. "आमी तेच करतो."

समृद्धीच्या तोंडावर तिचं ते रोजचं वाक्य आलं. समोर, डावीकडे, कडी नीट लागते. दिवसातून चाळीस अनोळखी माणसांना ती ते सांगत आली होती. आई दहा मिनिटांवर बसलेली असायची. रक्ताचं विचारलं, सुजेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि दर सोमवारी गोळ्या मोजल्या. आये, बाजारात असताना तू जातेस कुठं, एवढं मात्र तिने कधी विचारलं नाही.

"वाटा कसा दिला?" समोर एक बाई पिशवी घेऊन उभी होती.

समृद्धीला आकडा सुचेना. ती पाटावर वाकली, दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं आणि भर बाजारात मोठ्याने रडायला लागली. बाई गोंधळून मागे सरकली. कमळाबाईने हातातली मांदेली खाली ठेवली, बर्फाचं पाणी असलेली टोपली हळूच जवळ ओढली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "व्हऊ दे, बाय. मी हाय."